जयवंतला जागा पहिल्याच फेरीत सापडते

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत हृदयात वायर घालतात त्या खोलीत, किस्से साठतात याचं कारण अगदी साधं आहे. अंगावर शिशाचा जड एप्रन घालून तास-दीड तास उभं राहायचं, हात कामात, नजर स्क्रीनवर, आणि तोंड मात्र मोकळं. त्यातून पेशंट जागा असतो. फक्त खांद्यापाशी भूल दिलेली असते, त्यामुळे तोही बोलतो. पेणच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी सात वर्षं पेसमेकर बसवतेय. एवढ्या काळात माझ्याजवळ बरेच किस्से जमले आहेत आणि वाईट याचं वाटतं की त्यातले निम्मे जयवंतचे आहेत.

जयवंत म्हणजे डॉक्टर जयवंत. माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. मूळचा इथलाच, खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका गावचा. मी पुण्याहून लग्न करून पेणला आले. माझ्याकडे डिग्री त्याच्यापेक्षा एक जास्त आहे. हे मी सगळ्यांना सांगत नाही, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

*

आधी काम काय असतं ते सांगते. पेसमेकरची डबी कॉलरच्या हाडाखाली कातडीत बसते. तिची वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात न्यायची आणि टोक आतल्या भिंतीला टेकवायचं. कुठेही टेकवून चालत नाही. तिथला स्नायू जिवंत पाहिजे. जुना व्रण असेल तर कितीही करंट द्या, हृदय ढिम्म हलत नाही. म्हणून टोक टेकवलं की आमची टेक्निशियन शमा मशीनवर करंट कमी कमी करत जाते आणि हृदय किती कमी व्होल्टला ऐकतं तो आकडा मोठ्याने सांगते. आकडा लहान असेल तर जागा चांगली आणि बॅटरीही जास्त वर्षं चालते.

जयवंतच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी माझी केस होती. शमा सांगत होती, "मॅडम, दीड. मॅडम, दोन. मॅडम, एक पॉइंट दोन." सहाव्या जागी पॉइंट आठ आला. मी खूश.

दुपारी जयवंतची केस. त्याने वायर आत घातली, एकदा फिरवली, टेकवली.

"सर, पॉइंट चार," शमा म्हणाली.

मी बाहेर काचेपाशी उभी होते. योगायोग, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॉइंट चार. तिसऱ्या दिवशी पॉइंट पाच आला तर हा शमाला म्हणतो, "आज जरा चुकलं वाटतं."

मी न राहवून विचारलं, "तुला कळतं कसं?"

"खाडीच्या चिखलातून चालताना कसं कळतं, पाय कुठे रुतेल आणि कुठे थारा आहे? तसंच. हाताला कळतं."

माझं बालपण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलं. मी चिखल कुठून आणू?

*

जवळच्या जोहे गावचे एक आजोबा आले होते. गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणारे. सगळी मूर्ती दहा जणांच्या हातून जाते, पण डोळ्यांना यांच्याशिवाय कोणी ब्रश लावत नाही. नाडी चाळीसची. डबी बसवायची ठरली.

नियम असा की माणूस ज्या हाताने काम करतो त्याच्या उलट्या बाजूला डबी बसवायची. मी नियमाची पक्की. आजोबांनी फॉर्मवर उजव्या हाताने सही केली ती मी स्वतः पाहिली आणि डाव्या खांद्याखाली पेनने खूण केली.

जयवंत सहज वॉर्डातून चालला होता. आजोबांपाशी थांबला आणि म्हणाला, "बाबा, डोळे कुठल्या हातानं काढता?"

"डाव्या."

"आणि सही उजव्या हातानं कशी?"

"शालेत मास्तरांनी छड्या मारून उजव्यानं लिवायला लावलं. डोले काय मास्तरांनी शिकवले नाय."

खूण मी स्वतःच पुसली आणि उजवीकडे केली. ऑपरेशन मी केलं, टाके मी घातले, आकडाही बरा आला होता. महिन्याभराने आजोबा तपासणीला आले ते पिशवी घेऊन. जयवंतला हातभर उंचीची गणपतीची मूर्ती दिली. असे डोळे की मी दोन मिनिटं बघतच राहिले.

मग त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला. "मॅडमसाठी पन आणलंय."

मला उंदीर मिळाला. नुसता उंदीर. डोळे मात्र छान होते.

*

आता एक किस्सा असा की ज्यात जयवंत चुकला. निदान चार तास मला तसं वाटलं आणि ते चार तास माझे फार चांगले गेले.

धाटावच्या कंपनीतला एक ऑपरेटर होता. जयवंतने त्याला पेसमेकर बसवला, पॉइंट चार वगैरे नेहमीचं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर तो कॉटवर बसून उचक्या देतोय. सकाळपासून चालू आहेत म्हणाला.

आता वायरचं टोक चुकीच्या जागी गेलं तर करंट शेजारच्या पडद्याला, म्हणजे छातीखालच्या स्नायूला लागतो आणि ठोक्याठोक्याला पोट उडतं. हे पुस्तकात आहे. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तोंडावर काळजी ठेवून मी एक्स-रे सांगितला, इको सांगितला, शमाला मशीन घेऊन बोलावलं. जयवंत ओपीडीत होता, त्याला मुद्दाम निरोप पाठवला की सावकाश ये, मी बघतेय.

शमाने मशीन लावलं, करंट कमी केला, वाढवला, मिनिटभर पेसिंगच बंद ठेवून पाहिलं. उचक्या आपल्या चालूच.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ठोका वेगळा चाललाय आणि उचकी वेगळी."

तोवर पेशंटने उशीखालून कागदाची पुडी काढली. मिरचीची भजी. मित्राने शिफ्ट सुटल्यावर आणून दिली होती.

जयवंत आला, एक्स-रे बघितला आणि मला म्हणाला, "मॅडम, माझ्या पेशंटची तुम्ही किती काळजी घेता."

तो मनापासून म्हणाला. त्याचाच जास्त राग आला.

*

दर गुरुवारी आम्ही दोघं रोह्याला ओपीडी घेतो. एकाच गाडीतून जातो. एका दवाखान्यात शेजारी शेजारी दोन खोल्या, मध्ये दोन बाकं. त्याचं बाक भरून माणसं पायरीवर बसतात. माझ्या बाकावर त्यांच्या पिशव्या असतात.

कंपाउंडर बिचारा सांगत असतो, "मॅडमकडे जा, मॅडम मोकळ्या हायेत." हे असं मोठ्याने सांगू नये, हे त्याला कोण सांगणार?

एकदा हमीदचाचा आले. वीस वर्षं कुवेतला होते, आता रोह्यात घर बांधून राहिलेत. हातात फायलींचा गठ्ठा. दोन वर्षांपूर्वी मोठा अटॅक येऊन गेलेला, हृदयात व्रण, त्यात नाडी मंद. वायर टेकवायला जागा मिळणं कठीण, असं मुंबईत सांगितलं होतं. चाचा सरळ माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले.

"डाक्टरीणबाय, मी खास तुमच्याकडं आलो."

मी खुर्ची पुढे ओढली. त्यांची प्रत्येक फाइल उघडली. इकोचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. व्रण कुठे आहे, स्नायू कुठे जिवंत असावा, याचं चित्र काढलं. पाऊण तास दिला मी त्यांना. शेवटी सगळं एका कागदावर मुद्देसूद लिहिलं आणि म्हटलं, "चाचा, मंगळवारी दाखल व्हा."

त्यांनी कागद वाचला, समाधानाने घडी घातली आणि उठले. "शुक्रिया. आता ह्यो कागद जयवंत डाक्टरांना दाखवतो. तुमचं अक्षर लय साफ हाय असं सगळे बोलतात."

*

यानंतर मी ठरवलं की रडत बसायचं नाही, शिकायचं. जयवंतच्या केसेसची रेकॉर्डिंग असतात. दुपारी लॅब रिकामी असताना मी ती लावून बसायचे. स्क्रीनवर पट्टी धरून कोन मोजले. वायर किती वेळा फिरवतो, किती मागे घेतो, सगळं वहीत लिहिलं. काही हाती लागेना.

मग मी त्याच्याकडेच बघायला लागले. आणि सापडलं! वायर टेकवायच्या ऐन वेळी तो उजवा गुडघा वाकवून किंचित खाली बसतो. प्रत्येक केसला. खांदा खाली जातो, मनगटाचा कोन बदलतो, आत टोक बरोबर वळत असणार. मी रात्रंदिवस याचा विचार केला.

पुढच्या केसला ऐन वेळी मी उजवा गुडघा वाकवला.

"मॅडम, एक पॉइंट नऊ."

अजून थोडा वाकवला.

"मॅडम, अडीच."

काचेपलीकडून जयवंत बघत होता. केस संपल्यावर एप्रन काढताना जवळ आला. "मॅडम, तुमचाही गुडघा दुखतो का? माझा उजवा फार त्रास देतो. उभं राहून राहून. मध्येच वाकवला की बरं वाटतं. तेल देऊ का आणून?"

तेल त्याने दुसऱ्या दिवशी खरंच आणून दिलं.

*

आणि आता जयवंतच्या आईची गोष्ट.

आई म्हणजे खारेपाटातली खणखणीत बाई. एक दिवस अंगणात सुकट वाळत घालताना चक्कर येऊन पडली. नाडी चौतीस. जयवंत तिला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. मुंबईला नेऊ म्हणाला तर तिने हात झटकला. "कशाला मुंबय? माझा पोर हाय ना."

दुपारी जयवंत माझ्या केबिनमध्ये आला आणि दार लावून उभा राहिला. बसला नाही.

"मॅडम, आईची केस तुम्ही करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याने आईची फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"माझ्यानं नाय होणार. इको बघितला तुम्ही? जुना व्रण आहे. कधी अटॅक येऊन गेला, आम्हाला कळलंही नाय. फक्त तिला सांगू नका आत्ता. दुसऱ्या कोणाचा हात लागणार म्हटलं तर टेबलावरून उठून जाईल."

मी म्हटलं, फॉर्मवर माझं नाव असेल. ते मी लपवणार नाही. फॉर्मवर दोघांची नावं होती. मी तिच्यापुढे धरला आणि वाचून दाखवायला लागले, तर तिने मला थांबवलं. "माझ्या पोराचं नाव खय हाय ते दाखव." दाखवलं. तिने त्याच्याच नावाखाली सही केली.

टेबलावर तिच्या तोंडावर हिरवी चादर आली. जयवंत डोक्यापाशी स्टुलावर बसून तिच्याशी बोलत होता, गावच्या गोष्टी, कोणाचं लग्न ठरलं वगैरे. मी तोंड मिटून काम करत होते. शमाला आधीच बजावलं होतं की मॅडम म्हणायचं नाही.

पहिल्या जागी आकडा आला दोन पॉइंट एक. दुसऱ्या जागी हृदयाने ऐकलंच नाही. तिसऱ्या जागी अडीच. मध्येच तिची नाडी अठ्ठावीसवर उतरली आणि जयवंत बोलता बोलता थांबला. त्याने वर बघितलं, स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे. त्याला विचारावं असं फार वाटलं. विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं कदाचित. पण त्याचा चेहरा बघितला आणि नाही विचारलं. वायर मागे घेतली, व्रणाच्या कडेने वर गेले, थोडं दोन कप्प्यांमधल्या भिंतीकडे वळवलं आणि टेकवलं.

शमा मशीनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, पॉइंट तीन."

आमच्या लॅबमध्ये पॉइंट तीन त्याआधी कोणाचाच आला नव्हता.

चादरीखालून आवाज आला, "झाला काय रं बाला?"

"झाला, आई," जयवंत म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

दुसऱ्या दिवसापासून आईने वॉर्ड डोक्यावर घेतला. नर्स, आया, शेजारच्या कॉटवरची बाई, तिला भेटायला आलेले नातेवाईक, सगळ्यांना एकच. "माझ्या पोराचा हात काय हलका हाय. मना कललाच नाय." जयवंत दोनदा बोलायला गेला. दोन्ही वेळा मी मागून नको म्हणून मान हलवली. का हलवली ते मला विचारू नका.

डिस्चार्जच्या दिवशी मी टाके बघायला गेले. जयवंत खिडकीपाशी उभा राहून औषधांचा कागद वाचत होता, बराच वेळ एकच ओळ. आईने माझा हात धरून मला कॉटवर बसवलं.

"तू पन चांगली हायस गो," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या बाजूला उभी रात जा. बगून बगून शिकशील हलूहलू."

मी म्हटलं, "व्हय, आई."