टाकी मुरेपर्यंत

माझ्या मावशीने बत्तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत ती आणि तिच्या काचेच्या नळ्या. तिचा हात इतका हलका होता की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते कळायचं नाही, असं लोक सांगत. काका म्हणायचे, "सुई टोचत नाही हे खरं. टोचायचं काम ती तोंडाने करते."

काका म्हणजे तिचा नवरा. ते पाणबुडे होते. गोदीत लागलेल्या जहाजांच्या तळाखाली उतरायचं आणि तिथे चिकटलेले शिंपले, शेवाळ, गंज खरवडून काढायचा, हे त्यांचं काम. लहानपणी मी त्यांना विचारायचे, "खाली काय काय दिसतं हो काका?" ते म्हणायचे, "काही नाही. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही." मला वाटायचं, ते माझी थट्टा करतात. पण ते खरंच होतं. गोदीचं पाणी गाळाने आणि तेलाने काळं झालेलं असायचं. सव्वीस वर्षं त्यांनी समुद्रात काम केलं ते निव्वळ चाचपडत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांची फुप्फुसं आखडायला लागली. आधी जिना बंद झाला, मग रस्ता, मग स्वयंपाकघरापर्यंत जाणंही. बाहेरच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकाखाली नळी लावून ते दिवसभर आरामखुर्चीत बसायचे. अशाच एका दुपारी, काहीही कारण नसताना, त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली.

"एकदा बंदराच्या तोंडाशी गेलो होतो, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाची साखळी तपासायला. त्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. साखळीच्या एका कडीवर समुद्रफूल बसलेलं. फूल नव्हे, जिवंत प्राणी असतो तो. बोटांएवढ्या पाकळ्या, सगळ्या हलतायत, आणि त्यांच्यात दोन नारिंगी मासे घर केल्यासारखे. वरून दोरीला हिसका येईपर्यंत बघत बसलो."

"कधीची गोष्ट?" मावशीने विचारलं.

"झाली असतील पंधरा वर्षं."

"आणि आज सांगताय?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

मावशी उठून आत गेली. तिला ते फार लागलं. ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाच्या मनात एवढं एक पडून होतं आणि आपल्याला पत्ता नाही. पण रुसून बसण्याइतकी सवड आता नव्हती. आठवड्याभरात तिने चार फुटी काचेची टाकी आणून खुर्चीसमोर ठेवली.

शोभेच्या माशांचं दुकान हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार उंच, काटकुळा, तोंडाचा कडू माणूस. सगळे त्याला मासेवाला म्हणत आणि तो चिडायचा. "माझे मासे कोणी खात नाही," म्हणायचा. त्याने मीठ, दगड, वाळू, दिवा, पंप सगळं दिलं, पण समुद्रफूल मागितल्यावर मान हलवली.

"टाकी मुरली पाहिजे, बाई. नवं पाणी नुसतं खारट असतं. दगडांवर जिवाणू वाढावे लागतात, घाण पचवणारे. त्याला वेळ लागतो. सहा महिने झाल्याशिवाय मी ॲनिमोन, तुमचं ते समुद्रफूल, विकत नाही."

"आणि पैसे जास्त दिले तर?"

"तर ते जास्त पैशात मरेल."

मावशी कामाला लागली. मोजमाप हा तिचा जन्माचा धंदा. नळाचं पाणी चालत नाही म्हणून गाळलेल्या पाण्याचे कॅन आणायचे, बादलीत मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, मगच टाकीत ओतायचं. दिव्याच्या उष्णतेने पाणी उडून जातं पण मीठ तिथेच राहतं, म्हणून रोज सकाळी वरून तांब्याभर गोडं पाणी घालायचं. आठवड्यातून दोनदा छोट्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष आहे. पहिले कित्येक आठवडे ते गर्द हिरवं यायचं. मग पोपटी. दोन महिन्यांनी पिवळं दिसलं तेव्हा मासेवाल्याने दोन नारिंगी मासे दिले. काकांनी त्यांना नावं ठेवली नाहीत. म्हणाले, "नावं ठेवायला तू आहेस ना."

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला. त्या संध्याकाळी मी तिथेच होते, धुतलेले कपडे घड्या करत.

"अहो, मी आता आणतेच ते," मावशी म्हणाली.

"अजून तीन महिने आहेत."

"तीन महिने आहेत कुणाकडे?"

ती बोलून गेली आणि माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. काका रागावले नाहीत. "त्याच्याकडे आहेत ना," ते म्हणाले. "त्याला कशाला मारायचं?"

मावशीने ऐकलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक दुकान होतं, तिथे कोणी काही विचारत नसे. रक्ताचे नमुने नेतात त्या जाड डब्यात पाण्याची पिशवी ठेवून तिने समुद्रफूल घरी आणलं. काकांनी पिशवीकडे बराच वेळ पाहिलं.

"आणलंस," एवढंच म्हणाले.

पण मग ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि सूचना द्यायला लागले. इतके दिवस बसल्या जागी त्यांनी मिळेल ते वाचून काढलं होतं. पिशवी आधी तरंगत ठेव. टाकीचं पाणी थेंबाथेंबाने आत सोड, घाई नको. दिवा मंद कर. दगडावर दाबून बसवू नकोस, ते आपली जागा आपण शोधतं, तळव्याने चालतं. पंपांच्या तोंडाला स्पंज लाव. मावशीने मोठ्या पंपाला स्पंज लावला. मागच्या कोपऱ्यातला छोटा राहिला. "तिथवर कुठे जातंय ते," ती म्हणाली.

नऊ दिवस ते फूल सुंदर फुललं. हिरवट पाकळ्या, टोकाला जांभळ्या. चौथ्या दिवशी मासे त्यात शिरले. मावशी चिमट्याने कोळंबीचा कण पुढे करायची, पाकळ्या मिटून तो आत घ्यायच्या, आणि काका ते बघताना जेवायला विसरायचे. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. गोदीतले, जहाजांवरचे, पाण्याखालचे किती किस्से निघाले त्या नऊ दिवसांत.

दहाव्या दिवशी ते फूल आक्रसलं. तोंड सैल पडलं. नळीतलं पाणी पुन्हा किंचित पोपटी दिसलं. मावशी रोज पाणी बदलू लागली. एक दिवस फुलायचं, दोन दिवस मिटायचं, आणि जागा शोधत काचेवरून सरकायचं. त्या टाकीत त्याला कुठेच बरं वाटत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी मावशी ड्यूटीवर असताना काकांचा मला फोन आला. शब्द नव्हते, नुसता श्वास. मी शिकवते ती शाळा जवळच, मी वर्ग सोडून धावले. काका टाकीच्या स्टँडला पाठ लावून जमिनीवर बसले होते. शर्ट खांद्यापर्यंत भिजलेला, मांडीवर काचेचं भांडं, आणि त्यात त्या फुलाचं उरलंसुरलं. छोट्या पंपाने ते आत खेचलं होतं. ऑक्सिजनची नळी तिथवर पुरत नव्हती म्हणून ती काढून काका चार पावलं चालले, पंप बंद केला आणि पाण्यात हात घातला. टाकीतलं पाणी दुधासारखं झालं होतं.

मी त्यांच्या नाकाला नळी लावली. ओठ निळे होते. बोलता आलं तेव्हा म्हणाले, "आधी मासे काढ. ते पाणी विषारी झालंय."

मी मावशीला फोन केला, आणि मासे बादलीत काढेपर्यंत ती आली. तिने टाकी, भांडं, काकांचा शर्ट पाहिला आणि पर्स खाली ठेवून पाणी उपसायला लागली. अर्धी टाकी उपसून झाल्यावर, पाठमोरीच म्हणाली, "मी मारलं त्याला."

"हो," काका म्हणाले. थोडा दम घेऊन पुढे म्हणाले, "पण मला दिसलं."

दुसरं कोणी असतं तर 'छे, तुझी काय चूक' म्हणालं असतं. मावशी मला नंतर म्हणाली, "त्या माणसाने मला कधी खोटं सांगितलं नाही. तेव्हाही नाही."

त्यानंतर पाच आठवड्यांनी काका गेले. शेवटचे दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते, मावशीच्या खोलीच्या तीन मजले वर. शेवटच्या सकाळी त्यांच्या रक्ताचा नमुना खाली तिच्याच टेबलावर आला. हाताखालची मुलगी म्हणाली, मी करते. मावशीने नाव वाचलं, नळी यंत्रात ठेवली आणि आकडे येईपर्यंत उभी राहिली. डॉक्टरांच्या आधी तिला कळलं. आकडे लिहून, सही करून ती वर गेली. दुपारी ते गेले.

मला वाटलं, आता टाकी विकेल. तिने विकली नाही. रिकाम्या खुर्चीसमोर दिवा लागत राहिला. घरी येऊन ती आधी थेंब टाकायची, मग चहा ठेवायची. तिच्याकडे गेले की मी काकांचा विषय काढायचे आणि ती पाण्याचा.

टाकीला आठवा महिना लागला तेव्हा ती मासेवाल्याकडे गेली. मीही बरोबर होते.

"मी दुसरीकडून आणलं होतं," तिने सांगितलं. "मेलं."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तुमचं येणं बंद झालं तेव्हाच." त्याने तिची आकड्यांची वही मागून घेतली, सगळी पानं उलटली आणि परत दिली. "अजून दोन महिने." मग विचारलं, "साहेब कसे आहेत?"

मावशीने सांगितलं. त्याने स्पंजाचे दोन तुकडे कापून कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवले.

दोन महिन्यांनी आणलेलं समुद्रफूल तीन दिवस भटकलं आणि मोठ्या दगडाच्या कपारीत रुजून बसलं. मावशीने ते हलवायचा प्रयत्न केला नाही. पाकळ्या फुलल्या, मासे आत शिरले. ती खुर्चीच्या बाजूला छोटं स्टूल ओढून बसायची. खुर्चीत मात्र नाही.

दीड वर्षाने एका रविवारी सकाळी तिने मला आणि मासेवाल्याला, दोघांनाही बोलावून घेतलं. फूल मधोमध ताणलं गेलं होतं, फाटत होतं. तिच्या हातात बादली तयार होती. मासेवाल्याने काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाला, "बादली ठेवा, बाई. मरत नाहीये. एकाची दोन होतायत. तब्येत चांगली असली की होतात अशी."

मावशी स्टुलावर बसली. "हे त्यांना बघायला हवं होतं," म्हणाली आणि रडायला लागली. काका गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिला थांबता येईना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मासेवाल्याला कुठे बघावं ते कळेना. त्याने खिशातून फडकं काढलं आणि तो टाकीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.