सोबत आलेल्या बाईचे डोळे

लातूरला दवाखाना टाकून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी मूळची नांदेडची, शिक्षणही तिथलंच, लग्नानंतर इकडे आले. फिजिओथेरपी म्हटलं की लोक गुडघे आणि कंबर घेऊन यायचे. चक्कर घेऊन कुणी आलं, तर बाहेर बसलेल्यांना वाटायचं, पत्ता चुकला असावा. म्हणून कानाच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन चाकूरकडच्या एका बाईंना पाठवलं, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. चक्करेच्या पेशंटची मी वाट बघत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाई पंचावन्नच्या आसपास, उंच, आवाज भरदार. दंडाला धरून त्यांना घेऊन आली होती त्यांची धाकटी जाऊ. ती चाळिशीची, किरकोळ अंगाची, थोरलीला आक्का म्हणणारी.

“खाटंवर पडले की खाट उलटी होती, म्याडम,” आक्का म्हणाल्या. “इस आकडे मोजूस्तोर फिरतंय, मग थांबतंय. पर तेवढ्यात लई बेजार करतंय.”

मी त्यांना समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक कण असतात. ते जागचे सुटून शेजारच्या एखाद्या नळीत गेले की मान हलवल्यावर जग फिरतं. अशा तीन नळ्या असतात आणि बहुतेक वेळा मागचीच बिघडते. मान ठरावीक क्रमाने वळवून कण बाहेर काढता येतात, गोळी लागत नाही. आक्कांना सगळं पटलं. फक्त मागे झोपायचं, हे पटलं नाही.

“मान खाली लोंबकळवायची? न्हाई बा. मी बसूनच बरी होते.”

पाच मिनिटं विनवण्या झाल्या. शेवटी मी जावेला म्हटलं, “ताई, तुम्ही एकदा झोपून दाखवा. त्यांची भीती मोडेल.”

ती चक्क दोन पावलं मागे सरकली. “मला नको, म्याडम.”

“अगं, माझ्यासाठी एवढं बी होईना का तुला?” आक्का कडाडल्या.

मग तिचा नाइलाज झाला. ती टेबलावर बसली, मी तिचं डोकं धरलं आणि तिला पटकन मागे झोपवलं. नुसतं दाखवायचं होतं, म्हणून मी आक्कांकडे बघून बोलत होते. एवढ्यात माझी ओढणी कुणीतरी घट्ट पकडली. खाली बघितलं तर त्या बाईची बुबुळं आडवी झटके मारत होती. चेहरा पांढरा पडलेला, ओठ आवळलेले.

मी तिला सरळ उताणं केलं, उशी दिली आणि जरा वेळाने मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवून बघितली. दोन्ही कुशींवर डोळे आडवेच पळत होते आणि दोन्ही वेळा वर असलेल्या कानाकडे. आडव्या नळीचा, त्यातही कमी दिसणारा प्रकार. मी तो पुस्तकात वाचला होता, व्हिडिओत पाहिला होता. जिवंत माणसात पहिल्यांदाच बघत होते.

“किती दिवसांपासून?” मी विचारलं.

“तीन महिने व्हत आले.” ती आक्कांकडे न बघता म्हणाली. भिंतीला लोड लावून ती बसूनच झोपायची आणि घरात सांगायची, पित्त वर येतंय.

“मला न्हाई सांगितलं?” आक्कांचा आवाज एकदम खाली आला.

“तुमी आधीच आडव्या पडलेल्या. मी बी पडले असते तर चूल कुणी पेटवली असती?”

आक्कांनी पदर खोचला, टेबलाजवळ आल्या आणि म्हणाल्या, “हिला उतरवा. माझं उरकून घ्या आधी, मग हिच्याकडं बगू.” भीती कुठल्या कुठे गेली होती. त्यांचे डोळे उभे झटके मारत होते, म्हणजे मागचीच नळी, नेहमीची. त्यांनी डोळे मिटले नाहीत, एकदा ओरडल्या मात्र जोरात. दुसऱ्या खेपेला झोपवलं तेव्हा खाट जागेवरच राहिली.

धाकटीचं मात्र जमेना. डाव्या कुशीवर तिला जास्त फिरायचं, म्हणून मी डावा कान बिघडलाय असं धरलं आणि त्या हिशेबाने कुशीवर झोपवून बघितलं. दोनदा केलं. तिला उलटी झाली, फरक पडला नाही. तिसऱ्यांदा करायची माझी हिंमत होईना. नांदेडच्या माझ्या सरांना तिच्यासमोरच फोन लावला.

“आधी तिला चालव,” सर म्हणाले. “बोलणं, गिळणं, हातांचा नेम, सगळं बघ. असे डोळे मेंदूच्या दुखण्यातही दिसतात.”

ते सगळं तपासलं, ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, “जोर कोणत्या कुशीवर जास्त?”

“डाव्या.”

“म्हणून डावा कान धरलास ना? डोळे जमिनीकडे पळत असते तर बरोबर होतं. हिचे वरच्या कानाकडे पळतायत. इथे ज्या बाजूला जोर कमी, ती बिघडलेली.”

वाचलेलं होतं मी हे. ऐन वेळी उलटं आठवलं. मी फोन ठेवला आणि तिला सरळ सांगितलं, “ताई, माझी बाजू चुकली होती.”

उत्तर आक्कांनी दिलं. “चुकली तर चुकली. आता नीट करा.”

या वेळी तिला झटकन उजव्या कुशीवर घेतलं, नाक वर वळवलं, थांबले आणि बसवलं. लगेच काही झालं नाही. दोन दिवसांनी दोघी पुन्हा आल्या, तेव्हा डोळे पळायची दिशा बदलून जमिनीकडे झाली होती. मी इतकी खूश झाले की त्या दोघी घाबरल्या. “पळायलेत ना अजून?” आक्का म्हणाल्या. मी सांगितलं, चिकटलेले कण सुटलेत, आता बाहेर काढणं सोपं. मग धाकटीला उजवीकडून डावीकडे टप्प्याटप्प्याने पूर्ण फिरवलं. आक्का उशाशी उभ्या राहून “हाव, अजून जरा वळ” असं सांगत होत्या, जणू सरांनी फोनवर सगळं त्यांनाच सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला ती उताणी पडली, डाव्या कुशीवर वळली, उजव्या कुशीवर वळली आणि डोळे शांत राहिले. टेबलावरून उठायलाच तयार होईना. “थोडं पडू द्या, म्याडम,” म्हणाली. दहाएक मिनिटं पडून राहिली बिचारी. बाहेरच्या गुडघेवाल्या आजोबांना मी थांबायला सांगितलं.

पुढे पाच-सहा महिन्यांनी आक्कांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक अनोळखी बाई खाटेवर झोपलेली आणि आक्कांनी तिच्या पापण्या बोटांनी ताणून धरलेल्या.

“म्याडम, शेजारीण हाय. हिला बी चक्कर येती. पर डोळे उबे न्हाईत अन् आडवे बी न्हाईत. ह्यो कुठला प्रकार?”

“तिला आधी सोडा,” मी म्हटलं. “आणि घेऊन या.”

दुसऱ्या दिवशीच ते लटांबर आलं. मी दोन्ही बाजू तपासल्या, कान अगदी व्यवस्थित. डोळ्यांच्या आतला भाग फिकट दिसला, म्हणून रक्त तपासायला पाठवलं. निघालं, रक्त कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारीण आनंदात होती. आक्कांचं तोंड मात्र उतरलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “म्हंजे फिरवायचं कायीच न्हाई?”