बंबातला धडाका

पेटलेल्या बंबाला कान लावून ऐकणारा माणूस सोलापुरात तरी दुसरा नसावा. तांब्याचा बंब, पोटात जळती लाकडं, भोवती उकळतं पाणी, आणि मी डॉक्टरच्या ऐटीत कान टेकवला. मग जो ओरडलो, त्यापुढे बंबातला आवाज काहीच नव्हता. बायको हातातली बादली टाकून धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. तपासत होतो."

"मग काय सापडलं?"

तांबं भाजतं, एवढंच सापडलं होतं.

पण तपासणं भागच होतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीला कढत पाणी, बाळाला पाणी, दुपट्यांना पाणी. बंब कधी नव्हे इतका ढणाढणा पेटू लागला आणि थोड्याच दिवसांत आवाज सुरू झाला. आधी नुसती गुरगुर, मग आतून कुणी बुक्की मारावी तसा धाडकन दणका. न्हाणीघराला लागूनच बाळंतिणीची खोली. तान्ही नात दचकून दोन्ही हात फेकायची, रडायची, आणि तिला घेऊन लेक उठून बसायची. रात्री बाळ झोपू देईना, दिवसा बंब. तिचे डोळे खोल गेले होते.

त्यातच बार्शीहून विहीणबाई नात बघायला आल्या. दुसऱ्याच सकाळी बंबानं त्यांना सलामी दिली.

"अगं बाई, बंब हाय का तोफ?" त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "लेकरू दचकतंय की! उद्या फुटला-बिटला म्हंजी? मी शुक्रवारी जाताना दोघींना घिऊनच जाते. आमच्यात चुलीवर हंड्यात पाणी तापतंय, पर गप तापतंय."

लेकीनं घडी घातलेलं दुपटं उलगडलं आणि पुन्हा घडी घालू लागली. सव्वा महिना व्हायला अजून बरेच दिवस होते. सासरी पाऊल ठेवलं की ती त्याच चुलीपुढे बसणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि विहीणबाईंसमोर ते बोलता येत नव्हतं. बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"व्याही मिलमधी हायत की," विहीणबाई म्हणाल्या. "त्यास्नी बॉयलरचं कळत आसंल."

मी मिलमध्ये होतो ते हजेरी मांडायला. बॉयलर मला चिमणीच्या धुरावरून ओळखीचा. तरी तोंडातून गेलंच, "कळतं की!"

झालं. कचेरीत बसवेना, घरी टेकवेना. पहिला संशय मी नळाच्या पाइपावर घेतला. पहाटे नळ यायच्या आधी पाइपात हवा खडखडायची, हे मला ठाऊक होतं. भिंतीवरचा पाइप खिळ्यांतून ढिला झाला होता. मी सायकलची जुनी ट्यूब कापून त्याला जागोजागी आवळलं, वर चिंध्या गुंडाळल्या. पाइप हाड मोडलेल्या पेशंटासारखा दिसू लागला. विहीणबाई येता-जाता त्याच्याकडे बघत आणि काही न बोलता पुढं जात. ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणीच आलं नाही. पाइप कोरडा, मुका. आणि बंबानं नेहमीसारखा दणका दिला. पाइप निर्दोष सुटला.

त्याच सकाळी बंबाच्या तोटीतून पाणी करंगळीएवढं येऊ लागलं. मी तार खुपसली, तर बादलीत अंड्याच्या टरफलासारखे पांढरे तुकडे पडले. बंब निवल्यावर वरच्या तोंडातून बॅटरी मारून पाहिलं. मधल्या नळीला, जिच्यात लाकडं जळतात तिला, चुन्यासारखं जाड पुट चढलेलं.

हे पुट आमच्या आडाचं. नळाचं पाणी आम्ही पिण्याला आणि स्वयंपाकाला जपायचो, कारण आडाच्या पाण्यात डाळ शिजत नसे. जे पाणी डाळीला चालत नाही ते वर्षानुवर्षं बंबात ओतताना मात्र कुणाच्या मनात काही आलं नाही. दर सणाला बंब चिंच-राखेनं घासायचा, पण बाहेरून. आत हात घालावा असं आमच्या घराण्यात कुणाला सुचलं नव्हतं.

"पण पुटाचा आवाज कसा होईल?" बायकोनं विचारलं.

"पिठलं घट्ट झालं की कसं फदफदतं? खाली वाफ कोंडते, वरचा थर उचलते, फाडकन फुटते. तसंच."

"पिठल्यानं भिंत हादरत नाही."

"तुझं पिठलं तेवढं घट्ट नसतं," असं मी म्हणणार होतो, पण पुट आंबटानंच सुटणार होतं आणि मला तिची चिंच हवी होती. वर्षाची चिंच बरणीत होती. तिनं बरणी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि अर्ध्याहून जास्त चिंच माझ्या पुढ्यात ओतली.

चिंचेचा दाट कोळ बंबात ओतला, मंद जाळ केला, तसाच मुरू दिला. मी दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघायचो आणि विहीणबाई विचारायच्या, "आमटी झाली का व्याहीबुवा?" निवल्यावर फडकं गुंडाळलेल्या लाकडी मोगरीनं चहूबाजूंनी ठोकलं, बंब उपडा केला, आणि मोरी खपल्यांनी भरली. धुऊन-धुऊन हात सुजले. यापुढे आडाचं पाणी बंबात नाही, नळाचंच, कितीही पुरवून वापरावं लागलं तरी, असं घरात ठरलं.

शुक्रवारी सकाळी बंब पेटवला. विहीणबाई पिशवी भरून न्हाणीच्या दाराशी बसल्या. पाणी गुरगुरू लागलं. मी श्वास धरून उभा. लाकडं तडतडली, वाफ आली, आणि दणका काही आला नाही. लेक न्हाली, बाळ न्हालं, शेक-शेगडी झाली.

विहीणबाईंनी पदर खोचला. "ऱ्हाऊ द्या मग हितंच," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना झाला की तिचा नवरा यील न्यायला." आणि एकट्याच एस.टी.ला निघाल्या.

त्यांना सोडून परत आलो तो थेट न्हाणीघरात. तोटी थोडी ठिबकत होती. मी पाना शोधू लागलो. बायकोनं बाळंतिणीच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, "झोपलीय. आल्यापासून पहिल्यांदा घोरतीय. आता तुम्ही कशालाही हात लावू नका."