पोटातलं इंजिन

विमान न्यायचं म्हणजे अख्खं न्यायचं, एवढं साधं गणित गुरगुरेंच्या डोक्यात होतं. गुरगुरे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. हवाई दलाच्या तळावर सगळी नोकरी त्यांनी इंजिनांवर आणि माणसांवर सारखंच गुरगुरत काढली, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं, की संग्रहालयातून बोलावणं आलं तेही "गुरगुरेसाहेब आहेत का?" असंच. फोन बायकोनं घेतला होता. "आहेत की," ती म्हणाली, "मागून आवाज येत नाही का?"

काम असं होतं. तळाच्या पार टोकाच्या शेडमध्ये एक लढाऊ जेट कितीतरी वर्षं धूळ खात पडलं होतं. ते शहरातल्या नव्या संग्रहालयात हलवायचं होतं, आणि पंख सोडवायला, तिकडे परत जोडायला, गंज थांबवायला जुना जाणता माणूस हवा होता. गुरगुरे निवृत्त होऊन घरात बसले होते, म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर बसले होते. चांगला चालणारा मिक्सर उघडून ठेवायचे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डबा भरून हातात दिला आणि दार लावून सुटकेचा श्वास सोडला.

सुरुवात बरी झाली. हवा आत घेणाऱ्या तोंडात पाखरांनी घरटी केली होती, ती काढली. पंखांच्या मुळाशी असलेले बोल्ट गंजून घट्ट बसले होते. तेल पाजायचं, थांबायचं, हलकेच ठोकायचं, परत तेल पाजायचं, असं चाललं होतं. क्रेनवाला नुसता बसून कंटाळला. "काका, माझ्याकडे गॅसकटर आहे. चहा गार व्हायच्या आत दोन्ही पंख खाली उतरवतो."

"घराचं दार काढायचं असलं की तू भिंत पाडतोस काय रे?" गुरगुरे म्हणाले. क्रेनवाला पुन्हा त्या वाटेला गेला नाही. पंख निघाले ते एकही ओरखडा न उमटता, आणि त्या दिवशी गुरगुरे घरी जाऊन चक्क हसले.

दुसऱ्या दिवशी संचालकबाई आल्या आणि सगळ्यावर पाणी पडलं. संग्रहालयाच्या दालनाखाली तळघर आहे, इंजिनासकट विमानाचा भार त्या फरशीला पेलणार नाही, असं इमारतीच्या इंजिनिअरनं सांगितलं होतं. "इंजिन काढून ठेवावं लागेल," बाई म्हणाल्या. "तसंही, बाहेरून कुठं दिसतं ते?"

"बाई, इंजिन काढल्यावर उरतं काय? पत्रा! पत्र्याला तिकीट लावणार तुम्ही?"

बाई काही वाईट नव्हत्या. हे विमान भंगारात जाऊ नये म्हणून त्यांनीच ऑफिसांचे उंबरे झिजवले होते. त्यांनी परत विचारून बघितलं. तळघरात टेकू द्यावेत तर तिथे पाण्याची टाकी. टाकी हलवावी तर समितीची मंजुरी हवी. समितीची बैठक ठरली, तर इंजिनिअर रजेवर. इंजिनिअर उगवला, तर समितीचे अध्यक्ष परगावी. भिजत घोंगडं नुसतं! गुरगुरे रोज फोन करायचे आणि रोज कुणीतरी गोड आवाजात सांगायचं, "बघतो हं, काका." या 'बघतो हं'नं त्यांच्या डोक्याची शीर तडतडायची.

शेवटी ट्रेलरची तारीख आली आणि इंजिन त्यांना स्वतःच्या हातांनीच बाहेर ओढावं लागलं. विमान ट्रेलरवर चढलं, पंख दुसऱ्या गाडीवर बांधले. गुरगुरे मागच्या जीपमध्ये होते. रस्त्यात खड्डा आला की विमानाची शेपटी टुणकन उडायची. इंजिन आत असताना ती कधी अशी उडाली नव्हती. ते बघवेना म्हणून ते संपूर्ण रस्ता मांडीवरच्या डब्याकडे बघत बसले.

आता एवढा जीव का जळावा? तर त्याला कारण होतं. त्यांचं आयुष्य विमानात नव्हतंच, त्या इंजिनात होतं. लेक झाली तेव्हा ते तळावर त्याच इंजिनाशी झटत होते आणि काकू एकट्या दवाखान्यात होत्या. घरी आलं की काकू विचारायच्या, "आज काय केलंत?" हे म्हणायचे, "इंजिनचं काम." आधी सांगायला बंदी होती म्हणून, आणि मग सांगायची सवयच गेली म्हणून. पुढे काकूंनी विचारणंही सोडलं. तेव्हापासून गुरगुरेंच्या मनात एकच होतं, की कधीतरी हिला समोर उभं करायचं आणि म्हणायचं, हे बघ, यात होतो मी. संग्रहालयाचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता ती वेळ आली. आणि आता दाखवायचं काय, तर पोकळ पत्रा.

इंजिन संग्रहालयाच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली येऊन पडलं. एक दिवस बघतात तर भंगारवाला ताडपत्री उचलून त्यावर टिचक्या मारतोय. गुरगुरेंनी त्याला फाटकाबाहेर काढला आणि तसेच संचालकबाईंच्या खोलीत घुसले. त्याच वेळी काकू त्यांचा विसरलेला डबा घेऊन दारात पोचल्या.

"बाजूच्या व्हरांड्यात ठेवता येईल," बाई वैतागून म्हणाल्या, "तिथे खाली तळघर नाही. पण समिती म्हणते, बंद पिंप कोण बघणार? जागा देत नाहीत ते. मी तरी कुठं कुठं डोकं फोडून घेऊ?"

"मग उघडा की ते," दारातून काकू म्हणाल्या. "दिसत नाही म्हणून टाकताय ना? कापा एका बाजूनं आणि दाखवा लोकांना."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. गुरगुरेंचा मात्र काळाठिक्कर पडला.

"कापा? अगं, भोपळा आहे का तो? आज त्याला इंधन दिलं ना, तर आजसुद्धा सुरू होईल ते!"

"आणि देणार कोण आहे?" काकूंनी विचारलं.

गुरगुरेंनी डबा घेतला, तो तसाच टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले. कापायचंच तर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, एवढं त्यांनी संध्याकाळी बाईंना फोनवर सांगितलं.

वाळूचा एक कण आत जाऊ नये म्हणून ज्या इंजिनासाठी त्यांनी पोरांना रडवेपर्यंत झापलं होतं, त्यावर त्यांनी ग्राइंडर धरला. ठिणग्या आणि धातूचा चुरा आत उडत होता. ते ग्राइंडरला शिव्या देत होते, समितीला देत होते, बायकोला पुटपुटत देत होते. खिडकीएवढा पत्रा निघाला. पोरांच्या बोटांना लागू नये म्हणून त्यांनी कडा घासून गुळगुळीत केल्या, कापून दाखवायच्या यंत्रांच्या रीतीप्रमाणे लाल रंगवल्या, हात धुतले, आणि मग त्या व्हरांड्यात पाऊल टाकलं नाही. पंख जोडले, भोकं बुजवली, दमट हवा आणि उंदीर शिरू नयेत म्हणून शेपटीच्या रिकाम्या तोंडावर झाकण बसवलं. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "पत्रा आहे, पत्रा."

संग्रहालय उघडलं त्या दिवशी गुरगुरे विमानाच्या शेपटीपाशी फडकं घेऊन उभे होते. विमानासमोर लोक फोटो काढत आणि पुढे सरकत. गर्दी होती व्हरांड्यात. तिथून काकूंचा आवाज येत होता. त्या कापलेल्या इंजिनासमोर उभ्या राहून चारचौघांना खुशाल समजावून सांगत होत्या.

"हवा या मागच्या बाजूनं आत शिरते," काकू म्हणाल्या.

गुरगुरेंनी फडकं जोरात घासलं.

"इथं जाळ होतो. आणि पुढून धूर निघतो."

गुरगुरेंनी डोळे मिटले. जाऊ दे, ते स्वतःशी म्हणाले, तिला कुणी सांगितलंय कधी?

"आणि ही एवढी पाती आहेत ना, ती गार करायला. पंख्यासारखी."

"गार करायला?" गुरगुरे व्हरांड्यात पोचलेसुद्धा होते. लोक बाजूला झाले. "अगं गार करायला काय, कूलर आहे का तो? हवा पुढून येते, पुढून! ही पाती ती दाबतात, पहिली थोडी, दुसरी आणखी, अशी दाबत दाबत इथपर्यंत आणतात. हात घाल इथं. घाल म्हणतो ना! नख फिरव कडेवरून. लागतंय काही? केसाएवढी खाच असली तरी नखाला कळते. हे एकेक पातं मी असं बघायचो. एक जरी सुटलं, तर वर बसलेलं पोरगं घरी जात नाही."

बोलता बोलता त्यांचा हात लाल कडेतून कोपरापर्यंत आत गेला होता आणि शेजारी काकूंचा हात होता. काकू एका पात्यावरून हळूहळू नख फिरवत होत्या.

"वर बसलेलं पोरगं," त्या म्हणाल्या. "हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

लोक वाट बघत होते.

"हं," काकू म्हणाल्या. "पुढं सांगा."