खोर फक्कानच्या समुद्रात भिंत नव्हती

पहिली फेरी मी एका धिप्पाड गोऱ्या माणसाच्या पायांमागे पोहून एक तास चार मिनिटांत संपवली. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच त्याने पाण्यातून हात वर केला, बोटीने त्याला उचलून घेतलं आणि मी एकटा राहिलो.

ट्रायथलॉनमध्ये पोहणं पहिलं, मग सायकल, मग धावणं. आमची शर्यत लांब पल्ल्याची होती. अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या समुद्रात तीन हजार आठशे मीटर, दोन फेऱ्या, आणि त्यासाठी दोन तास वीस मिनिटं. तेवढ्यात किनाऱ्याला लागलं नाही तर पुढचं काही करू देत नाहीत. वर्षभर मी पहाटे साडेचारला उठून अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगच्या तलावात पोहून साइटवर जात होतो. किनाऱ्यावर बायको आणि बारा वर्षांची मुलगी उभी होती.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तालुक्याच्या शाळेत गणिताचे सर मला म्हणायचे, "तू हुशार नाहीस, पण गणित सुटेपर्यंत तू उठत नाहीस. बसून राहतोस. तेवढं पुरे." त्या बसून राहण्यावर दहावी झाली, डिप्लोमा झाला, इंजिनीअरिंग झालं, इकडची नोकरी मिळाली. सरांचे उपकार मी कधी विसरलो नाही. एखादी गोष्ट जमली नाही म्हणजे आपणच कष्टात कमी पडलो, असं मी मनापासून मानत आलो.

म्हणून पुढे कोणी नाही हे दिसल्यावर मी एकच केलं, हात जोरात मारायला लागलो. सूर्य समोरून वर येत होता. तोंड वर काढलं की डोळ्यांपुढे नुसता पांढरा चकाकता पत्रा. फेरीच्या खुणेसाठी ठेवलेले तरंगते नारिंगी बोये उजव्या बाजूला दिसायला हवे होते, पण लाटांच्या वर काहीच येत नव्हतं. असेल पुढे, म्हणून मी आणखी जोर लावला. खारं पाणी घशात गेलं. खांदे पेटले. दोनशे हात मोजले, परत दोनशे मोजले, तरी बोया नाही. पायांखाली किती पाणी आहे हा विचार तोवर मी केला नव्हता, तो आता सुटेना.

"ओ भाई! किधर? ईरान जाना है क्या?"

कयाकमध्ये, एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीत, पांढऱ्या दाढीचा एक पठाण बसला होता. शर्यतीवर नजर ठेवायला असे आठ-दहा जण पाण्यात होते. मी कयाकचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि घाबरून मराठीतच विचारलं, "बोया कुठंय?"

"क्या?"

"बोया! किधर है?"

त्याने वल्ह्याने माझ्या पाठीमागे, उजवीकडे दाखवलं. बोया नारिंगी ठिपक्याएवढा दिसत होता. मी सरळ जातोय असं समजून डावीकडे, खोल समुद्रात वळत गेलो होतो.

"पकड़ के साँस ले लो. मैं खींच नहीं सकता, कानून है. बोट बुलाऊँ?"

"नको. नहीं, नहीं. टाइम?"

त्याने घड्याळ पाहिलं. "चालीस मिनट बाकी. यल्ला, चलो, बातें मत करो."

तो माझ्या उजवीकडून कयाक चालवू लागला आणि मी त्याच्या कडेकडेने सरळ पोहू लागलो. निदान मला तसं वाटलं. मिनिटभरात त्याची आरोळी आली, "फिर से! दायें, भाई, दायें! शराब पी के आए हो?"

तेव्हा मला कळलं. मी पोहायला शिकलो मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. काठावर बसलेल्या चुलत्याचा एकच नियम असायचा, भिंत उजव्या हाताला ठेव, दमलास तर धरता येईल. पोरं सगळी त्याच दिशेने गोल फिरायची. उजवीकडे मान काढून श्वास घ्यायचा, भिंत पाहायची आणि थोडं डावीकडे वळायचं. तलावात तळाशी काळी रेघ होती, पहिल्या फेरीत पुढे त्या गोऱ्या माणसाचे पाय होते. आता दोन्ही नव्हतं, आणि माझं शरीर त्या विहिरीला फेऱ्या घालत होतं. जितका जोर लावला तितका लांब गेलो होतो.

"चाचा, इस तरफ आओ," मी ओरडलो. "लेफ्ट में! मैं टकराऊँगा तो पता चलेगा!"

तो हसला, पण आला. मग मी वळलो की डावा हात त्याच्या कयाकवर आपटायचा. कोपरापासून सोलून निघाला, तरी त्या प्रत्येक आपटण्याने मी सरळ होत होतो. दोन बोये गेले. तिसरा गेला. वेळ विचारायचं मी बंद केलं. बाहेर पडायची कमान दिसली तेव्हा मी पाण्यात तोंड घालून रडत होतो, गॉगलच्या आत.

वाळूवर उभं राहताना दोनदा पडलो. घड्याळात दोन तास तेवीस मिनिटं झाली होती.

एक बाई पुढे आल्या आणि माझ्या घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा सोडायला वाकल्या. मी पाय मागे घेतला.

"मॅडम, प्लीज. फक्त तीन मिनिटं. सायकलवर मी भरून काढतो. प्लीज."

"सॉरी. खलास." त्यांचा आवाज कडक नव्हता, तेच जास्त लागलं.

मी हात जोडले. आयुष्यात कोणाकडे मार्क मागितले नव्हते, आणि आज मुलीसमोर तीन मिनिटं मागत होतो. ती म्हणाली, "बाबा, स्टॉप. प्लीज, लेट हर टेक इट." आणि तिने तोंड फिरवलं. बायको टॉवेल घेऊन आली. "अहो, पाय द्या त्यांना. दमल्यात त्या पण वाकून."

मी पाय पुढे केला.

सायकलींच्या लांबलचक रांगेत माझी एकटीच लटकत होती. पहाटे मीच तिच्या दांड्याला खजुराच्या पुड्या चिकटवून ठेवल्या होत्या, शंभर-दीडशे किलोमीटर पुरतील इतक्या. सायकलवर बसून जाता येणार नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मी ती ढकलत पार्किंगकडे नेली. गाडीपाशी पोचल्यावर दांड्यावरच्या पुड्या एकेक करून सोडवल्या.