उकळलेल्या चादरी

लॉन्ड्रीत तिला सगळे 'वाफ' म्हणायचे, इस्त्रीच्या आधी ती तापते म्हणून. मूल व्हावं म्हणून किती झुरत होती, आणि नेमकं अंगावरून पांढरं जाणं, लघवीला जळजळ! औषध घेतलं की थांबायचं, महिना जातो न जातो तोच पुन्हा हजर.

"लोकांच्या चादरींतून लागलंय," शेजारच्या टाकीवरची धुणारी म्हणाली आणि आपला पाण्याचा पेला हळूच पलीकडे सरकवला.

वाफेलाही तेच पटलं. तिने घरच्या चादरी, अभ्रे, नवऱ्याच्या लुंग्यासुद्धा लॉन्ड्रीच्या टाकीत उकळून काढल्या. अभ्र्यांच्या शिवणी उसवल्या, रोग जागचा हलला नाही.

हे सगळं ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे नशीब. "अगं, हा चादरीतून येत नाही. पेल्यातून नाही, संडासातून नाही. शरीरसंबंधातून येतो. तू बरी होतेस आणि नवऱ्याकडून पुन्हा घेतेस. असंच चाललं तर दिवस राहणं अवघड होईल."

"पण त्याला तर काहीच त्रास नाही!"

"त्रास नसतानाही रोग असतो. त्याला आण. दोघांनी एकदम औषध घ्यायचं, आणि ते पुरं होईपर्यंत जवळ जायचं नाही."

नवरा ट्रक चालवायचा. ऐकताच उसळला. "मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी! तूच कुठून तरी आणलं असशील."

वाफ भडकली, पण मूल डोळ्यांसमोर होतं. "कुणी आणलं ते भांडण मागाहून करू, सवडीनं. तपासून, औषध पुरं होईपर्यंत माझ्या अंथरुणाकडे फिरकायचं नाही."

"बायको आहेस की पोलीस?"

"सध्या पोलीसच."

त्याने अबोला धरला, ताटं आपटली, आपल्या आईकडून निरोप धाडले. वाफेने आपली चटई दाराशी नेली आणि तिथून तसूभर हलली नाही.

एका दुपारी तो लॉन्ड्रीच्या दारात उभा. मान खाली. "चल."

"कुठे?"

"तिथेच, दवाखान्यात. पण तू बरोबर ये. एकट्याला लाज वाटते."

वाफेने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. जाता जाता धुणारीचा पेला उचलून घटाघटा प्यायली आणि तिच्यापुढे ठेवला.

"घाबरू नकोस, पाण्यानं काही होत नाही. माझा ठणठणीत तपासून घ्यायला निघालाय. तुझाही ठणठणीतच आहे ना? मग त्यालाही आण की!"