एकास सहा

तो गेल्याचं मला कळलं तेव्हा मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो.

मी पुण्याचा. नोकरीपायी बंगळुरूला येऊन सात वर्षं झाली. बनशंकरीतल्या माझ्या भाड्याच्या घरात एक अख्खी भिंत काचेच्या कपाटांनी भरली आहे आणि त्यांत माझ्या अॅक्शन फिगर्स आहेत. वरच्या फळ्यांवर मधल्या बोटाएवढे शिपाई, एकास अठरा या मापाचे. त्याखाली जेमतेम वीतभर उंचीचे, एकास बारा. सगळ्यांत खाली फूटभर उंचीचे, एकास सहा. म्हणजे सहा फुटी माणूस एका फुटाचा केलेला. एका मापातला माणूस दुसऱ्या फळीवर गेलेला मला खपत नाही. पाहुणे हसतात, हसू देत.

फूटभर उंचीच्यांना खऱ्या कापडाचे कपडे लागतात. ते सुंदर शिवणारा एकजण मला इथल्या संग्राहकांच्या ग्रुपवर भेटला. दोन वर्षं आमचं बोलणं फक्त मोबाइलवर. त्याचं दुकान माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं, तरी कपडे यायचे कुरियरनं. त्याचं मराठी इथल्या जुन्या घरांतलं, कन्नड मिसळलेलं. "स्वल्प वेळ द्या अण्णा, बाही पुन्हा काढतोय," असं लिहायचा. एकदा खांदा दोन मिलिमीटर जास्त झालाय असं मी कळवलं, तर त्यानं मुकाट्यानं उसवून पुन्हा शिवून पाठवला.

मग एका ओव्हरकोटाला उशीर झाला. आठवडा गेला, दुसरा गेला. उत्तर नाही. एका दुपारी मीटिंगमधून वैतागून बाहेर आलो आणि उभ्या उभ्या त्याला लिहिलं, "जमत नसेल तर काम घेऊ नये. तुझ्यासारख्यांमुळे छंद बदनाम होतो. एकदा तोंड तरी दाखव."

काही दिवसांनी त्याच्या नंबरावरून आवाजातला निरोप आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. "रविवारी सकाळी दुकानात या. तुमचं सामान तयार आहे." स्वतः बोलायची हिंमत नाही म्हणून वडिलांना पुढे केलं, असं मला वाटलं. जाताना वाटेत मी चार खडे बोल जुळवूनही ठेवले.

दुकान लहानसं. एक शिलाई मशीन, भिंतीवर टांगलेल्या शर्टांची रांग, आणि गळ्यात टेप घातलेले साठीच्या पुढचे गृहस्थ. मागच्या दारात त्यांची बायको उभी होती.

"मुलगा कुठंय?" मी विचारलं. बसलोही नव्हतो.

"बसा की," ते म्हणाले.

"नाही, मला त्याच्याशीच बोलायचंय."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तीच म्हणाली, "तो गेला. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी गेला. महिना होईल आता."

मला ते समजायला वेळ लागला. गेला म्हणजे गावाला गेला, असंच आधी डोक्यात आलं. मग मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"तुमचा मेसेज मीच वाचला," काकू म्हणाल्या. "तेराव्याच्या दिवशी. घरात माणसं होती. यांनी विचारलं, कुणाचं आहे, काय म्हणतायत. तोंड दाखव म्हणतायत, म्हटलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकांनी माझ्यापुढे एक पुडकं ठेवलं. ओव्हरकोट होता. बाह्या मुलानं शिवल्या होत्या, बाकीचा त्यांनी.

"ते एकास सहा म्हणजे काय ते मला नीट सांगा," ते म्हणाले. "तो सांगायचा, मी लक्ष दिलं नाही. बाहुल्यांचे कपडे शिवतोय म्हणून रागवायचो."

मी सांगितलं. त्यांनी मापांची वही काढली, एक पान उघडलं. पानावर मुलाचीच मापं होती, दर दिवाळीला नवी घेतलेली.

"पाच फूट सात. म्हणजे सदुसष्ट इंच. सहावा हिस्सा, अकराच्या वर जरासा. तेवढ्या उंचीचं नुसतं अंग मिळतं का? चेहरा नसला तरी चालेल."



"नको," काकू दारातून म्हणाल्या. "तसलं काही घरात नको. पोराची बाहुली करून बसणार का?"

"मी तुला विचारत नाहीये."

"पण मी सांगतेय ना!"

मी त्या दोघांच्या मधे. कुणाचं ऐकावं कळेना. माझ्याकडे एक कोरी बॉडी होती, उंची जवळपास तेवढीच, सांध्यांत वाकणारी. माझं लिहिणं त्यांनी तेराव्याला ऐकलं होतं. त्या माणसाला मी नाही कसं म्हणणार? त्याच दुपारी नेऊन दिली. काकू आतून बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी काकांनी बोलावलं. फळीवर ती बॉडी उभी होती. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, करडी पँट. शर्ट मुलाच्याच एका शर्टातून कापलेला. खांदा, छाती, बाही, सगळं वहीतल्या मापांचा बरोबर सहावा भाग. काज इतके बारीक की मी थक्क झालो. आणि तरी ते भयंकर दिसत होतं. कापड अंगावर पडतच नव्हतं. पुठ्ठ्याचं केल्यासारखा शर्ट अंगाभोवती ताठ उभा होता आणि हात दोन्ही बाजूंना उचलले गेले होते.

"तीनदा उसवला," काका म्हणाले. "कॉलर ताठ ठेवणारं बकरम काढलं, शिलाई बारीक केली. माप लहान होतं हो, पण कापडाची जाडी लहान होत नाही. तो कसं करायचा?"

"तो वेगळं कापड वापरायचा. अगदी तलम."

"पण हा त्याचा शर्ट आहे," ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी हलक्या हातानं शर्टाची बटणं सोडली, पँट उतरवली, कपडे घडी घालून वहीत ठेवले आणि बॉडी माझ्या हातात दिली. "सरी, ठीक आहे. घेऊन जा. हिचं खरं होतं."

मी ती पिशवीत ठेवली आणि पायरी उतरलो. मागून हाक आली.

"थांबा."

काकू होत्या. भरभर चालत आल्या, माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. याच बाईनं आठवड्यापूर्वी नको म्हणून सांगितलं होतं.

"अशी उघडी कुठं नेता?" त्या म्हणाल्या. बॉडी बाहेर काढून त्यांनी पदरात गुंडाळली, अंघोळीनंतर मूल गुंडाळावं तशी. "राहू दे इथं."

काका मशीनवर बसून होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर मी त्या दुकानात बऱ्याचदा गेलो, स्वतःचे शर्ट शिवायला टाकले. चहा होतो, गप्पा होतात. बॉडी दुकानात कुठे दिसत नाही, आणि घरात ती कुठे आहे हे मी विचारलेलं नाही.